‘ढ’ कोण ठरवतो? : मराठवाड्यातील मागच्या बाकाचा इतिहास

मराठी शाळेत ज्या मुलाला काही येत नाही त्याला ‘ढ’ म्हणतात. असे सांगितले जाते की ब्राह्मीपासून आजच्या देवनागरीपर्यंत सगळी अक्षरे बदलत गेली, ‘ढ’ मात्र होता तिथेच राहिला. म्हणून जो पुढे सरकत नाही तो ‘ढ’. आम्हाला यात वेगळेच दिसते. सम्राट अशोकाच्या धम्मलिपीत कोरलेले अक्षर दोन हजारांहून अधिक वर्षांनी आपल्या पहिलीतल्या लेकराला ओळखता येते, तर ते अक्षर टिकाऊ म्हटले पाहिजे. त्याला मूर्ख ठरवणारी नजर कुठून आली, हा खरा प्रश्न आहे.

मागे पडलेल्या मुलाबद्दल आपल्याकडे भरपूर बोलले जाते. त्याचा बाप दारू पितो, त्याची आई ऊसतोडीला जाते, त्याच्या घरी कोणी शिकलेले नाही, त्याच्या ‘समाजात वातावरणच नाही’. पण त्या मुलासमोर जो शिक्षक उभा आहे, त्याला हे मूल समजून घ्यायला कोणी शिकवले का? शिकवायचे ठरले होते का? कोणी सांगितले होते आणि कोणी ते ऐकले नाही? या प्रश्नाचा इतिहास आहे आणि तो आपलाच आहे. ‘आंबेडकरवादी लोक जागा आणि शिष्यवृत्त्या मागतात, वर्गातल्या शिकवण्यावर बोलत नाहीत’ असा आरोप करणाऱ्यांनी तर तो अवश्य वाचावा.

सुरुवात १८५६ पासून करू. त्या वर्षी धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याने सरकारकडे अर्ज केला. मुंबई सरकारने दिलेले उत्तर बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढील निवेदनात मुद्दाम नोंदवून ठेवले आहे. न्याय मुलाच्या बाजूने आहे हे सरकारने मान्य केले, आणि तरी एका मुलासाठी बाकीच्या सगळ्यांना शाळा निरुपयोगी करता येणार नाही असे सांगून त्याला दारातच ठेवले. म्हणजे मुलात काही कमी आहे असे सरकारसुद्धा म्हणत नव्हते. अडचण शाळेत होती. पण भोगायची मुलाने. हा हिशेब ध्यानात ठेवा, कारण पुढची दीडशे वर्षे तोच वेगवेगळ्या भाषांत मांडला गेला आहे.

त्याच काळात पुण्यात काय चालले होते? सावित्रीमाई शिकवायला उभ्या राहिल्या त्या आधी शिक्षिकेचे रीतसर प्रशिक्षण घेऊन. अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये. हा तपशील जयंतीच्या भाषणांत शेण-चिखलाच्या प्रसंगाखाली दबून जातो. शिकवणे ही शिकून घ्यायची गोष्ट आहे, नुसत्या तळमळीने ती येत नाही, हे जोतीराव आणि सावित्रीमाईंना पहिल्या दिवसापासून कळले होते. त्याचे फळ १८५५ मध्ये दिसले. त्यांच्या शाळेत तीन वर्षे शिकलेली चौदा वर्षांची मुक्ता साळवे ही मांग समाजातील मुलगी, मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिते आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून येतो. दुसऱ्या कुठल्याही शाळेच्या हिशेबात ही मुलगी दाखल होण्याच्याही लायकीची नव्हती. तीन वर्षांत तिचा मेंदू बदलला नाही. समोरचा शिक्षक बदलला होता.

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी हंटर कमिशनला निवेदन दिले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यातली मागणी सर्वांना ठाऊक आहे. शिक्षकांविषयीचा भाग फारसा कोणी वाचत नाही. जोतीराव म्हणतात की प्राथमिक शाळांचे बहुतेक शिक्षक ब्राह्मण आहेत, ते सोवळ्यापायी मुलांपासून अंग राखून असतात, त्यातले पुष्कळसे प्रशिक्षित नाहीत आणि पगार तुटपुंजे आहेत. म्हणून शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत. असे, की जे लोकांत मिसळतील, त्यांच्या गरजा आणि इच्छा ओळखतील, आणि वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला लाजणार नाहीत. प्रशिक्षित शिक्षकाला किमान बारा रुपये आणि मोठ्या गावात पंधरा-वीस रुपये पगार असावा, असा आकडाही त्यांनी दिला. मुलाला समजून घेणे ही शिक्षकाच्या पात्रतेची अट म्हणून या देशात इतक्या स्पष्टपणे कोणी मांडली असेल, तर ती इथे.

त्याच निवेदनात आणखी एक वाक्य आहे आणि लातूरच्या संदर्भात ते आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते. त्या काळी ‘निकालाप्रमाणे अनुदान’ ही पद्धत होती. इंग्लंडने ती १८६२ मध्ये आपल्या शाळांना लावली आणि मुंबई इलाख्यातही ती आली. इन्स्पेक्टर येणार, परीक्षा घेणार, जितकी मुले पास तितके पैसे. जोतीरावांनी बजावले की गरीब आणि शिक्षणाची चव न लागलेल्या लोकांसाठी ही पद्धत मुळीच उपयोगाची नाही, कारण त्यांच्यात शाळा काढून कोणा शिक्षकाचे पोट भरणार नाही. कारण सोपे आहे. निकालावर भाकरी ठरली की शिक्षक निकाल देणारी मुले शोधतो. जे मूल हळू शिकते ते त्याच्या ताटातला घास कमी करणारे मूल होते. त्याला समजून घ्यायला तो कशाला वेळ घालवील?

आता त्याच मुंबई इलाख्यातल्या, पण वेगळ्या धर्माच्या एका समाजाकडे थोडे वळू. कोकणातले बेने इस्रायल. तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. म्हणजे यहुदी असून जातीच्या उतरंडीत त्यांची जागा ठरवून टाकली. इंग्रजांच्या पलटणींत, मुंबईच्या कारखान्यांत आणि कचेऱ्यांत ते आले. अमेरिकन मिशनच्या कोकणातल्या शाळांत त्यांची मुले शिकली आणि काही जण तिथेच शिक्षक झाले. पण धर्माची भाषा हिब्रू आणि घरातली भाषा मराठी, अशी त्यांच्या मुलांची कोंडी होती. १८७५ मध्ये हाईम सॅम्युअल केहीमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत स्वतःच्या समाजाची इस्रायली शाळा सुरू केली. हीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. आज तिथे शिकणारी बहुतांश मुले यहुदी नाहीत. त्याच पिढीतले जोसेफ इझिकेल राजपूरकर हे डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन या यहुदी शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८८० च्या सुमारास बेने इस्रायलांनी अब्राहाम-योसेफाच्या कथा चक्क कीर्तनातून सांगायला सुरुवात केली, कारण ज्यांना हिब्रू येत नाही त्यांना कीर्तन समजते. आपल्या आंबेडकरी जलशांनी पुढे हेच केले. ज्याला ‘बहिष्कृत भारत’ वाचता येत नव्हता त्याला गाण्यातून समजावले.

बेने इस्रायलांचे आम्ही कौतुक करतो, पण डोळे झाकून नाही. गोरे आणि काळे असा भेद त्यांनीही पाळला. जातीचा रोग या मातीत राहणाऱ्या कोणाला सोडत नाही. मात्र एक गोष्ट त्यांनी अचूक ओळखली. मूल अडते आहे ते भाषेपाशी, बुद्धीपाशी नाही, हे शिक्षकाला कळले की अर्धे काम होते.

बाबासाहेबांकडे येऊ. १२ मार्च १९२७ रोजी, म्हणजे महाडच्या सत्याग्रहाच्या आठवडाभर आधी, ते मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करते आणि दारूच्या उत्पन्नातून त्याच्या दुपटीहून जास्त गोळा करते, हा हिशेब त्यांनी सभागृहासमोर ठेवला. आणि दुसरा आकडा दिला तो आमच्या विषयाच्या गाभ्याला हात घालतो : प्राथमिक शाळेत दाखल झालेल्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात. शाळेच्या उंबरठ्याच्या आत आलेले प्रत्येक मूल साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, तरच खर्चाला अर्थ आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ब्याऐंशी मुले ‘ढ’ आहेत असे ते म्हणाले नाहीत. शंभरातली ब्याऐंशी मुले नापास होत असतील तर नापास कोण?

हा हिशेब मांडणारा माणूस स्वतः साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसलेला विद्यार्थी होता. आणि त्याला ओळखणारा एक शिक्षकही त्याच्या वाट्याला आला होता. चर्नी रोडच्या बागेत रोज वाचत बसणाऱ्या मुलाची कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी चौकशी केली, त्याला पुस्तके दिली, १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, आणि पुढे बडोद्याच्या सयाजीरावांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. केळुसकर त्याचे वर्गशिक्षक नव्हते. त्यांनी एका मुलाकडे नीट पाहिले, एवढेच. पण किती मुलांना बागेत केळुसकर भेटणार? योगायोगावर व्यवस्था चालत नाही, म्हणूनच प्रशिक्षण लागते.

मराठवाड्याचा मामला आणखी बिकट होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत नांदेड आणि आजचा लातूर जिल्हा निजामाच्या राज्यात. प्राथमिक वर्गात मराठी चालायची, पण वर गेले की उर्दू. १९१८ मध्ये निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. कंधार-उदगीरकडच्या मराठी मुलाला इतिहास, गणित, सगळे उर्दूतून शिकायचे. ज्याला ते जमले नाही तो शाळेतून बाहेर. १९४८ नंतर माध्यम बदलले आणि तीच घरे, तेच वंश एकदम ‘शिकू शकणारे’ झाले. यातून धडा घ्यायचा तर तो भाषेचा आहे, आणि तो आपण फार लवकर विसरलो. हिंदू-मुसलमान असा त्याचा अर्थ लावून राजकारण करणारे पुष्कळ आहेत. त्यांना आम्ही एवढेच विचारतो की आज धर्माबादच्या तेलुगू बोलणाऱ्या मुलावर आणि किनवटच्या गोंडी, कोलामी किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलावर मराठीची जी सक्ती होते, ती वेगळी कशी?

जून १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. सोसायटी १९४५ ची, मुंबईचे सिद्धार्थ १९४६ चे, आणि लगेच मराठवाडा, कारण इथल्यासारखी ओसाड जागा दुसरी नव्हती. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते कोनशिला बसली. परिसर नागसेनवन, महाविद्यालय मिलिंद. या नावांकडे नीट पाहा. ‘मिलिंदपञ्ह’ ग्रंथात राजा मिलिंद प्रश्न विचारतो आणि भिक्खू नागसेन उत्तरे देतो. बाबासाहेबांनी महाविद्यालयाला उत्तर देणाऱ्याचे नाव दिले नाही, प्रश्न विचारणाऱ्याचे दिले! विद्यार्थ्याला जे कळत नाही ते मोठ्याने विचारता आले पाहिजे, ही त्या संस्थेच्या नावातच लिहिलेली गोष्ट आहे. ज्या शाळेत ‘समजले नाही’ म्हणणाऱ्याला हसतात, तिथे मिलिंद एक दिवस टिकला नसता.

नांदेड-लातूरच्या खेड्यांतून पत्र्याची पेटी घेऊन औरंगाबादला गेलेल्या मुलांची एक पिढी नागसेनवनात घडली. वसतिगृह होते, शिक्षक जवळपास राहत होते. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी विद्यार्थ्यांसाठी ‘युगयात्रा’ नाटक लिहिले. तिथे आलेली मुले फर्डे इंग्रजी बोलत नव्हती. कित्येकांच्या घरात ती पहिलीच अक्षरे होती. ‘आधी लायक व्हा, मग या’ असे त्यांना कोणी सांगितले नाही. या मुलांनी लिहिलेल्या कविता आणि आत्मकथने आज विद्यापीठात अभ्यासाला आहेत. म्हणून १९७८ मध्ये नामांतराच्या ठरावानंतर नांदेड जिल्ह्यात घरे जळाली, टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना मारले गेले, नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतले, तेव्हा भांडण नुसत्या पाटीचे नव्हते. शिकण्याच्या जागेवर आपले नाव असावे की नाही, हे भांडण होते. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ निघाले. नांदेड-लातूरमधील बी.एड. महाविद्यालये आता त्याच्या अखत्यारीत आहेत. पाटी लढून मिळाली. पाटीखालच्या वर्गात काय चालते, तिकडे आता वळू.

त्याआधी ‘बुद्धी मोजण्या’चा धंदा कसा सुरू झाला ते सांगणे भाग आहे, कारण शिक्षकांच्या पुस्तकात तो अर्धवट शिकवला जातो. १९०५ मध्ये पॅरिसला आल्फ्रेड बिने यांनी पहिली चाचणी तयार केली ती कोणत्या मुलाला जास्त मदत लागते हे शोधण्यासाठी. अमेरिकेत गेल्यावर तीच चाचणी माणसांची प्रत लावायचे यंत्र झाली. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. ‘बिने-कामत’ या नावाने ती अजून वापरात आहे. काम कष्टाचे आणि मोलाचे होते. पण चाचणी मराठीत आली म्हणजे ती प्रत्येक मराठी घरातून आली असे होत नाही. ज्या घरात घड्याळ नाही, पुस्तक नाही, त्या घरातल्या मुलाला पडलेले गुण त्याच्या बुद्धीचे मोजायचे की घराचे?

या प्रश्नाला प्रत्यक्ष उत्तर दिले ते रुमानियात जन्मलेल्या रुवेन फॉयरस्टाईन या यहुदी मानसशास्त्रज्ञाने. दुसऱ्या महायुद्धात आईबाप गमावलेली मुले आणि मोरोक्कोसारख्या उत्तर आफ्रिकी देशांतून इस्रायलकडे निघालेली गरीब यहुदी मुले त्याच्यासमोर आली. चाचण्यांत ती सपशेल आपटत होती. नेहमीच्या हिशेबाने यातली कितीतरी ‘मतिमंद’ ठरत होती. फॉयरस्टाईनने चाचणीचा क्रमच बदलला. आधी परीक्षा, मग तेच मुलाला शिकवायचे, मग पुन्हा परीक्षा. मुलाला आज काय येते यापेक्षा शिकवल्यावर ते किती पुढे सरकते हे मोजायचे. आणि दिसले असे की कालची ‘मंद’ मुले भराभर पुढे सरकतात. त्याने निष्कर्ष काढला की या मुलांच्या वाट्याला जग समजावून सांगणारे मोठे माणूस आले नव्हते. युद्धाने, स्थलांतराने, दारिद्र्याने ते हिरावून घेतले होते. ती जागा शिक्षकाने भरायची, आणि ती कशी भरायची ते शिक्षकाला शिकवायचे. त्याची पद्धत पुढे जगभर गेली. इस्रायलने पॅलेस्टिनी मुलांचे काय केले, हे आम्हाला ठाऊक आहे आणि त्यावर आमचे मत लपलेले नाही. पण एका छळलेल्या समाजातील शिक्षणतज्ज्ञाने आपल्या मागच्या बाकावरच्या मुलांसाठी शोधलेले उत्तर, दुसऱ्या छळलेल्या समाजाने वापरायला काय हरकत आहे?

गंमत बघा. आमच्या डी.एड.-बी.एड.च्या परीक्षेत व्हायगॉट्स्कीच्या ‘समीपस्थ विकास क्षेत्रा’वर टीप हमखास येते. हा व्हायगॉट्स्कीही यहुदी. झारच्या रशियात यहुद्यांना मॉस्को विद्यापीठात तीन टक्क्यांची मर्यादा होती. आरक्षण नव्हे, अडवणूक. १९१३ मध्ये त्या तीन टक्क्यांत सोडतीने त्याचा नंबर लागला. मूल एकटे जे करू शकत नाही ते कोणी हात दिल्यावर करते, आणि हात कुठे द्यायचा हे ओळखणे म्हणजे शिकवणे, हे या माणसाने सांगितले. आमचे भावी शिक्षक ते पाठ करतात, गुण मिळवतात, आणि वर्गात गेल्यावर विचारतात, ‘याला घरी कोणी शिकवत नाही का?’

आता लातूर. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस राजर्षी शाहू महाविद्यालयात आकाराला आलेला ‘लातूर पॅटर्न’ प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि प्राचार्य अनिरुद्ध जाधव यांच्या नावाशी जोडला जातो. मुंबई-पुण्याच्या मक्तेदारीला मराठवाड्याने दिलेले ते उत्तर होते आणि त्याचे श्रेय आम्ही नाकारत नाही. शेतकऱ्यांची, मजुरांची मुले, आपल्या वस्त्यांमधली मुले त्यातून डॉक्टर-इंजिनिअर झाली. जादा तास, चाचणीमागून चाचणी, चुकांची उजळणी, शिक्षकांची मेहनत, हे सगळे खरे.

पण पॅटर्न जिथे सुरू होतो ती जागा पाहा. तो दहावीला भरघोस गुण घेतलेल्या मुलापासून सुरू होतो. त्याच्या आधीची दहा वर्षे ज्याला कोणी हात दिला नाही ते मूल या दारापर्यंत पोचतच नाही. नंतर नांदेड-लातूरला शिकवण्यांचा बाजार उभा राहिला, तुकड्या गुणांप्रमाणे पडू लागल्या, निकालाच्या दिवशी चौकाचौकात फ्लेक्स लागू लागले. फ्लेक्सवर शंभर फोटो असतात. त्याच इमारतीत फी भरलेल्या बाकीच्या मुलांचे काय झाले ते कोणत्या फ्लेक्सवर लिहितात? जोतीरावांनी १८८२ मध्ये ज्या पद्धतीला विरोध केला, ‘निकालाप्रमाणे पैसा’, तीच आज सरकारच्या आदेशाशिवाय, बाजाराच्या जोरावर परत आली आहे. आणि हे सारे राजर्षी शाहूंच्या जिल्ह्यापासून दूर, त्यांच्या नावाच्या छायेत! ज्या शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना एका वर्गात बसवले, त्यांचे शिक्षण निवडक मुलांसाठी नव्हते.

आमच्या मते लातूर पॅटर्नमध्ये चांगले ते नक्की घ्यावे, पण पहिलीत न्यावे. मुलाची प्रत्येक चूक शिक्षकाने पाहावी, ती का झाली ते शोधावे, दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात करावी. नीटच्या मुलासाठी हे करता येते, तर मुखेडच्या तांड्यावरच्या आठ वर्षांच्या मुलीसाठी का येत नाही? फी नाही म्हणून?

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आला. साताऱ्याच्या कुमठे बीटमधील ज्ञानरचनावादी वर्ग पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. पण तिथून पुष्कळांनी आणल्या त्या रंगवलेल्या फरश्या. मुलाच्या शेजारी जमिनीवर बसून त्याचे ऐकणे फार थोड्यांनी आणले. कागदावर ‘ढ’ची जागा ‘अप्रगत’ने घेतली. शाळा प्रगत घोषित करायची तर अप्रगत मुले उरता कामा नयेत. ती शिकवून कमी करता येतात, तशी तक्त्यातूनही कमी करता येतात.

त्यातल्या त्यात ज्या शिक्षकांनी खरे काम केले ते ऊसतोडीच्या मुलांसाठी. दिवाळीनंतर कंधार, मुखेड, लोहा, जळकोट, अहमदपूर भागातून टोळ्या निघतात आणि मुले पाच-सहा महिने गायब होतात. परत येतात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. ‘बालरक्षक’ म्हणून काम करणाऱ्या शिक्षकांनी मुकादम निघण्याआधी वस्तीवर जाऊन, आजी-आजोबांना समजावून, हंगामी वसतिगृहात सोय लावून मुले थांबवली. जोतीरावांनी ज्या शिक्षकाची कल्पना केली तो हाच. पण हे त्याला कोणत्या अध्यापक विद्यालयाने शिकवले? कोणत्याच नाही. दोन हजारच्या दशकात मराठवाड्यात डी.एड. महाविद्यालये पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. बापाने जमीन विकून डोनेशन भरले, पोराने पाठटाचणांच्या वह्या भरल्या, मग भरती थांबली आणि निम्म्याहून जास्त वर्ग ओस पडले. त्या सगळ्या वर्षांत ऊसतोडीवरून परतलेल्या मुलाला मार्चमध्ये कुठून शिकवायला घ्यायचे, हा एक धडा अभ्यासक्रमात बसला नाही.

अपंगत्वाच्या कायद्याचेही तसेच. महाराष्ट्राने १९९६ मध्येच अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती दिल्या. ‘तारे जमीन पर’ २००७ मध्ये आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द तालुक्यापर्यंत पोचला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत ही अक्षमता आहे. कायदा चांगला आहे. पण सवलतीला प्रमाणपत्र लागते, प्रमाणपत्राला चाचणी, चाचणीला तज्ज्ञ, आणि तज्ज्ञापर्यंत पोचायला अनेक खेपा आणि बुडालेली मजुरी. परिणाम असा की तेच वाचनाचे अडखळणे इंग्रजी शाळेतल्या डॉक्टरच्या मुलात ‘डिस्लेक्सिया’ असते आणि मातंग वस्तीतल्या मुलात ‘संस्कार’. पहिल्याला जादा वेळ मिळतो, दुसऱ्याला ‘ढ’ ही पदवी.

शिक्षकाला यासाठी डॉक्टर व्हायची गरज नाही. त्याला एवढे ओळखता आले पाहिजे की हे मूल अक्षर उलटे लिहिते आहे, की त्याला फळा दिसत नाही, की त्याला ऐकू कमी येते, की घरी गोरमाटी बोलल्यामुळे ‘ळ’ आणि ‘ल’ची गल्लत होते आहे, की ते उपाशी आहे, की काल कोणीतरी त्याला जातीवरून बोलले आणि आज ते तोंड उघडत नाही. सहा कारणे, सहा वेगळे उपाय. आज सगळ्यांवर एकच उपाय आहे : मागे बसवणे.

नांदेडच्या सीमेवरच्या शाळांत तर हे उघड दिसते. देगलूर-बिलोली पट्ट्यात तेलुगू आणि कन्नड, किनवट-माहूरला कोलामी आणि गोंडी, उदगीरला उर्दू-दखनी. या मुलांना दोन-दोन, तीन-तीन भाषा येतात. शहरातले पालक त्यासाठी शिकवणी लावतात. शाळेत मात्र हीच मुले ‘भाषेत कच्ची’. तिथल्या शिक्षकाला मुलाच्या बोलीतले शंभर-दोनशे शब्द तरी आले पाहिजेत, ही अट आम्ही मागतो. राजपूरकरांना दीडशे वर्षांपूर्वी हे कळले होते.

म्हणून येत्या काळात आमची मागणी जिल्ह्याच्या शिक्षण व प्रशिक्षण संस्थांकडे आणि विद्यापीठाकडे आहे. नांदेड आणि लातूरच्या प्रत्येक भावी शिक्षकाने किमान एक हंगाम एका मागे पडलेल्या मुलाबरोबर काढावा : त्याच्या घरी जावे, त्याची भाषा ऐकावी, त्याच्या चुकांची वही ठेवावी, आणि त्या वहीवर त्याची परीक्षा व्हावी. ती वही तपासणाऱ्यांत त्या वस्तीतले, शाळा सोडावी लागलेले एक तरी माणूस असावे. एका मुलाने शाळा का सोडली हे त्याच्याइतके कोणत्या तज्ज्ञाला ठाऊक आहे?